जहाज चाललंय की नांगरावर आहे? सीवूड्सच्या एका बल्कर मॉडेलच्या लायटिंगचं प्रकरण

प्रकरण सीवूड्सच्या एका घरातलं. सगळं सविस्तर लिहितोय कारण मॉडेलमध्ये लाइट घालताना आपण सगळे कुठे उजेड हवा एवढंच बघतो, आणि या जहाजावर एकूण एक प्रॉब्लेम निघाला तो कुठे उजेड नको आणि कधी नको हे आधी न ठरवल्यामुळे.

मॉडेल बनवणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील मर्चंट नेव्हीतून कॅप्टन म्हणून रिटायर झाले, टी. एस. राजेंद्र या ट्रेनिंग शिपवर शिकलेल्या पिढीतले, म्हणजे करावेचं चाणक्य हे ट्रेनिंग सेंटर सुरू व्हायच्या आधीचे. नेरुळ-सीवूड्सला अशी घरं बरीच आहेत. मुलाने वडिलांच्या वाढदिवसासाठी ते ज्या टाइपच्या जहाजावर बरीच वर्षं होते तसं पॅनामॅक्स बल्क कॅरिअर (धान्य-कोळशासारखा सुटा माल वाहणारं, पनामा कालव्याच्या मापाचं जहाज, म्हणजेच बल्कर) बनवायला घेतलं, १:३५० मध्ये, किट न घेता सगळं स्क्रॅचने. खरं जहाज २२५ मीटर लांब आणि ३२ मीटरच्या थोडं वर रुंद, म्हणजे मॉडेल ६४३ मिलीमीटर लांब आणि ९२ रुंद. आतला सांगाडा सनबोर्डचा, वर पांढरी स्टायरीन शीट, सात होल्डची, म्हणजे माल भरायच्या कप्प्यांची, सात हॅच कव्हर्स (झाकणं), मागे पांढरं अकोमोडेशन, म्हणजे राहायच्या केबिनची इमारत, त्यावर ब्रिज, जिथून जहाज चालवतात. या स्केलला माणूस जेमतेम ५ मिलीमीटरचा होतो आणि रेलिंग ३ पेक्षा कमी, त्यात त्याने रेलिंगच्या आडव्या बारसुद्धा ओढलेल्या होत्या, तर हात किती स्थिर असेल बघा.

वाढदिवसाला रूममधला लाइट बंद करून जहाजाचे दिवे लावले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकाही, म्हणजे त्याचे वडील, खूश झाले, आणि मग त्यांनी शांतपणे विचारलं, "हे जहाज चाललंय की नांगरावर आहे?" मुलाला उत्तर देता आलं नाही. त्याने रात्रीच मला फोटो आणि व्हिडिओ पाठवला, म्हणाला दादा जरा येऊन बघ ना. मी कोपरखैरण्याचा, रविवारी गेलो.

आधी लाइट बंद ठेवून बघितलं. पेंट अप्रतिम. वॉटरलाइनच्या खालचा लालसर पट्टा, अँकर जिथून खाली येतो तिथे गंजाचे ओघळ, हॅच कव्हरवर धूळ आणि घासल्याच्या खुणा, आणि सगळं त्या स्केलला शोभेल इतकंच, कुठेही अति नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण पुढे सगळ्या चुकांबद्दलच बोलणार आहे आणि वाचून वाटेल की मॉडेल वाईट होतं, तर अजिबात नव्हतं.

मग अंधार करून दिवे लावले. पहिली गोष्ट म्हणजे अकोमोडेशन आख्खं आकाशकंदिलासारखं पेटलं, खिडक्यांतून उजेड यायला हवा तो भिंतींतून येत होता, आणि डेकला जिथे ते चिकटवलं होतं त्या सांध्यातून एक चमकती रेघ. दुसरं, डावीकडचा लाल दिवा डोळ्यात घुसत होता आणि उजवीकडचा हिरवा लागलाय की नाही ते जवळ जाऊन बघावं लागत होतं. तिसरं, मास्टवरचे, म्हणजे डोलकाठीवरचे, पांढरे दिवे पुढून, मागून, बाजूने, सगळीकडून सारखेच दिसत होते. चौथं, सगळे दिवे एकाच वेळी लागत होते, नॅव्हिगेशन लाइट पण, डेकवरचे फ्लडलाइट पण, आणि ब्रिजच्या आतला लाइट पण. काकांचा प्रश्न या चौथ्या गोष्टीवर होता आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा.

जहाजाचे दिवे शोभेचे नसतात, ती भाषा असते. समुद्रावर टक्कर टाळायचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून लागू झाले, आपल्याकडचे दर्यावर्दी त्यांना रूल्स ऑफ द रोड म्हणतात आणि कॅडेट असल्यापासून पाठ करतात. चालत्या जहाजाचा मास्टहेड लाइट पांढरा, आणि तो २२५ अंशात दिसतो, म्हणजे नाकासमोरून दोन्ही बाजूंना ११२.५ अंशांपर्यंत. पोर्टला, म्हणजे डावीकडे, लाल आणि स्टारबोर्डला, म्हणजे उजवीकडे, हिरवा, हे साइडलाइट, प्रत्येकी ११२.५ अंश. मागे पांढरा स्टर्नलाइट १३५ अंश. बेरीज करून बघा, २२५ आणि १३५ मिळून बरोबर ३६०. त्यामुळे लांबून रात्री जे दिवे दिसतात आणि जे दिसत नाहीत त्यावरून समोरचं जहाज कुठे चाललंय ते कळतं. लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर ते सरळ तुमच्याकडे येतंय, नुसता लाल दिसला तर त्याची डावी बाजू तुमच्याकडे आहे, एकटा पांढरा दिसला तर बहुतेक तुम्ही त्याच्या मागे आहात. सगळीकडून दिसणारा मास्टहेड लाइट यातलं काहीच सांगत नाही.

शिवाय ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला मास्टहेड लाइट दोन लागतात, मागचा पुढच्यापेक्षा उंच, कमीत कमी ४.५ मीटरने. आपल्या स्केलला ते १३ मिलीमीटर. मुलाच्या मॉडेलवर फरक होता ५. दोन्ही दिव्यांतलं आडवं अंतर जहाजाच्या लांबीच्या निम्मं हवं पण १०० मीटरपेक्षा जास्तीची सक्ती नाही, म्हणजे २८६ मिलीमीटर पुरे, आणि पुढचा दिवा नाकापासून पाव लांबीच्या आत, म्हणजे १६० च्या आत. ही दोन अंतरं त्याने फोटो बघून घेतली होती आणि ती बरोबर आली होती. उंची मात्र फोटोवरून चुकते, कारण फोटो नेहमी खालून किंवा वरून काढलेला असतो.

आता फ्लडलाइट. चालत्या जहाजावर रात्री डेक काळोखात असतो, कारण उजेड असला तर ब्रिजवरून बाहेरचं दिसत नाही आणि नॅव्हिगेशन लाइटही त्यात हरवतात. ब्रिज स्वतः अंधारात असतो. पुढे तोंड असलेल्या केबिनचे पडदेसुद्धा रात्री ओढून घेतात. नांगरावर असताना बरोबर उलटं, तेव्हा मास्टहेड, साइडलाइट, स्टर्नलाइट बंद, पुढे एक सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा, मागे त्याहून खाली दुसरा, आणि १०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला डेकवरचे कामाचे दिवे लावून डेक उजळायचाच असतो, तो नियमच आहे. म्हणजे मुलाने एवढे कष्ट करून लावलेले फ्लडलाइट चुकीचे नव्हते, ते चुकीच्या वेळी लागत होते.

हे काकांनी त्याला तोंडी समजावलं होतं पण बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून मी म्हटलं एक संध्याकाळ उरणला जाऊ. २०२४ च्या जानेवारीपासून लोकल थेट उरणपर्यंत जाते त्यामुळे सीवूड्सहून सोपं झालंय. तिथून मोरा बंदरावर गेलो, अंधार पडेपर्यंत थांबलो. हार्बरमध्ये नांगरलेल्या जहाजांचे डेक उजळलेले, आणि एक जहाज हळूहळू सरकत जाताना फक्त तीन-चार ठिपके, बाकी नुसती काळी आकृती. मुलगा बराच वेळ त्या काळ्या जहाजाकडेच बघत होता. परत येताना ट्रेनमध्ये त्याने वहीत दोन कॉलम पाडले, एक समुद्रात, एक नांगरावर, आणि प्रत्येक दिवा कुठल्या कॉलममध्ये जातो ते लिहिलं. खरं तर हा कागद पहिली शीट कापायच्या आधी व्हायला हवा, कुठल्याही मॉडेलचा.

मग प्रश्न आला की तोडायचं का. अकोमोडेशन डेकला सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेलं होतं, म्हणजे प्लास्टिक वितळून एकजीव झालेलं, नुसतं उचकटणार नाही. काकू, म्हणजे त्याची आई, म्हणाल्या, "एवढं छान झालंय, कशाला हात लावताय." त्यांचंही चूक नव्हतं. एक पर्याय होता की व्होल्टेज कमी करून सगळंच मंद करायचं, भिंतींतून येणारा उजेड कमी दिसला असता, पण हिरवा दिवा पूर्ण गेला असता. दुसरा पर्याय, बाहेरून अजून पेंटचे थर द्यायचे. पांढऱ्या पेंटने उजेड अडत नाही, आणि इतक्या बारीक कामावर थर चढले की खिडक्यांच्या कडा बुजतात. मी दोन्ही सांगितले, काका काहीच बोलले नाहीत, मुद्दाम नाही बोलले, आणि मुलाने स्वतः ठरवलं की उघडायचं.

नव्या ब्लेडने डेकच्या लगत हळूहळू, दाब न देता, एकाच रेषेत पुन्हा पुन्हा फिरवत कापलं. याला वेळ द्यावा लागतो, घाई केली की ब्लेड भिंतीत घुसतं. एक कोपरा चिरला पण तो मागच्या बाजूचा होता, पुटीने भरला. रेलिंगचे दोन तुकडे नवे करावे लागले.

आतल्या वायरिंगमध्ये लाल-हिरव्याचं रहस्य लगेच दिसलं. लाल आणि हिरवा एलईडी पॅरलल जोडून त्यांना मिळून एकच रेझिस्टर लावला होता. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात, हिरव्याला आणि पांढऱ्याला ३ च्या आसपास. एकाच रेझिस्टरवर दोन्ही असले की लाल आधी चालू होतो आणि व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो, हिरव्याला पुरेसं मिळतच नाही. एलईडी खराब नव्हता, दुकानदाराची पण चूक नव्हती. उपाय एकच, प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर. हिशोब असा, सप्लाय ५ व्होल्ट, मोबाइलच्या साध्या चार्जरचा. हिरव्यासाठी ५ वजा ३ म्हणजे २ व्होल्ट, २ मिलीअँपिअर हवे तर १००० ओहम. लालसाठी ५ वजा २ म्हणजे ३ व्होल्ट, तितक्याच करंटला १५०० ओहम. पण हा फक्त सुरुवातीचा आकडा, कारण आपल्या डोळ्याला हिरवा रंग सारख्या करंटला जास्त तेज वाटतो, त्यामुळे शेवटी डोळ्यानेच ठरवावं लागतं. आम्ही हिरव्याला ४७०० वर नेऊन थांबलो. एलईडीच्या माहितीत २० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं ते कमाल समजा, मॉडेलला त्याच्या दहाव्या हिश्शात भागतं.

मास्टवर त्याने ०६०३ साइजचा एसएमडी (पाय नसलेला, चपटा, पिटुकला) एलईडी वर तोंड करून चिकटवला होता. तो १.६ मिलीमीटरचा, ३५० ने गुणलं तर ५६ सेंटीमीटर, म्हणजे मास्टच्या टोकावर एक मोठा डबा ठेवल्यासारखं. तो काढून एलईडी खाली हलमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात, नेला आणि उजेड वर न्यायला ०.२५ मिलीमीटरची फायबर ऑप्टिक घेतली, पिटुकले एलईडी आणि रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतातच. मास्टसाठी मेडिकलच्या दुकानातली २३ गेजची इंजेक्शनची सुई वापरली, बाहेरून ०.६४ आणि आतून ०.३४ मिलीमीटर, म्हणजे फायबर आरामात जाते आणि खऱ्या मापात मास्ट २२ सेंटीमीटर जाड होतो, जो शोभतो. सुई कटिंग डिस्कने कापायची, डोळ्यांवर गॉगल घालूनच, आणि कापलेली कड आतूनही घासायची नाहीतर फायबर तिथेच कापली जाते. फायबरला फेविक्विकसारखा ग्लू लावू नका, ती ठिसूळ होऊन तुटते, फेविकॉल किंवा इपॉक्सी वापरा. तीव्र वळणही देऊ नका, वळणावरच उजेड गळतो.

आता कोन. नुसत्या कापलेल्या फायबरच्या टोकातून उजेड अंदाजे ६० अंशांच्या कोनातच बाहेर पडतो, आपल्याला हवेत २२५. मग पेटलेली अगरबत्ती टोकाजवळ न्यायची, टेकवायची नाही, टोक वितळून छोटी गुंडी होते आणि ती सगळीकडून दिसते. ही गुंडी म्हणजे तयार अँकर लाइट, नांगरावर असताना लागतो तो, त्याला अजून काही करायचं नाही. मास्टहेड लाइटसाठी मात्र त्या गुंडीची मागची बाजू मॅट काळ्या रंगाने बंद करायची. साइडलाइटला आतल्या बाजूने छोटा पडदा लागतो, आणि मला हे नियम वाचताना सगळ्यात आवडलं ते असं की खऱ्या जहाजावरही हा पडदा असतो आणि तो मॅट काळाच रंगवायचा असतो, २० मीटर किंवा त्याहून लांब जहाजांना तसं लिहून दिलेलंच आहे. म्हणजे उजेड अडवणं हे मॉडेलवाल्यांचंच काम नाही, जहाज बांधणाऱ्यांचंही आहे.

टेस्टसाठी मोठ्या कागदावर सगळे अंश आखले, जहाज मध्ये ठेवलं, खोलीत अंधार केला. काका जमिनीवर बसले, एक डोळा मिटून, नजर बरोबर डेकच्या उंचीला. मुलगा जहाज हळूहळू फिरवत होता आणि काका म्हणत होते, "लाल... लाल... अजून लाल... गेला." मग तिथला अंश बघायचा, ब्रशच्या टोकाने काळा रंग थोडा वाढवायचा किंवा खरवडायचा, परत फिरवायचं. हे पुष्कळ वेळ चाललं आणि कोणालाही कंटाळा आला नाही. काकू चहा ठेवून गेल्या, तो गार झाला.

अकोमोडेशनच्या आत काम वेगळं. आधी काळा थर, मग त्यावर पांढरा, म्हणजे काळा उजेड अडवतो आणि पांढरा तो खिडकीकडे परत फेकतो. प्रत्येक मजल्याला वेगळी फरशी घातली, नाहीतर खालचा उजेड वर जातो. पुढच्या खिडक्या मागून काळ्या कार्डने बंद, त्या ओढलेल्या पडद्यांसारख्या दिसतात. सांध्यांना एसीवाले वापरतात ती अॅल्युमिनियमची टेप उत्तम चालते पण ती करंट वाहून नेते, उघडी वायर टेकली की शॉर्ट, म्हणून जिथून वायर जाते तिथे आधी साधी इन्शुलेशन टेप.

हे सगळं चालू असताना पावसाळा. लॅकर पेंट स्प्रे केला की त्यातला थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि पेंट दुधाळ होतो. काळ्यावर तर लगेच दिसतं. खोलीत तासभर एसी लावून ठेवला, हवा कोरडी झाली, मग स्प्रे केला, आणि एक जागा दुधाळ झालीच होती तिथे दुसऱ्या दिवशी नुसत्या रिटार्डर थिनरचा (हा हळू उडतो) हलका फवारा मारला तशी ती परत काळी झाली. घासून नव्याने पेंट करायची गरज पडली नाही.

स्विच तीन पोझिशनचा घेतला, एका बाजूला समुद्रात, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला नांगरावर. बाजूच्या आणि मागच्या केबिनचे दिवे दोन्हीकडे लागायला हवेत, त्यासाठी दोन डायोड टाकले, म्हणजे दोन्ही बाजूंनी सप्लाय येतो पण एकीकडचा दुसरीकडे शिरत नाही. डायोडवर साधारण ०.७ व्होल्ट खर्च होतात, तेवढे धरून त्या दिव्यांचे रेझिस्टर कमी केले. अकोमोडेशन आता चिकटवलेलं नाही, चार छोट्या मॅग्नेटवर बसतं, आणि वायरिंगचा नकाशा बेसच्या खाली चिकटवलाय.

सगळं झाल्यावर पहिल्यांदा लावलं ते समुद्रात. डेक काळा, ब्रिज काळा, दोन पांढरे ठिपके एकाखाली एक, आणि नाकासमोर बसलं की लाल-हिरवे दोन्ही. काकूंना आधी वाटलं बाकीचे दिवे बिघडले. मग स्विच फिरवल्यावर फ्लडलाइट लागले आणि सातही हॅच कव्हर्सवरची ती धुळीची, घासल्याच्या खुणांची कलाकुसर उजेडात आली, आणि त्या म्हणाल्या की मला हे दुसरंच आवडलं. काकांना पहिलं आवडलं.

एक काम राहिलंय. खऱ्या साइडलाइटचा उजेड नाकासमोरच्या कडेला ठरलेल्या कोनाच्या बाहेर १ ते ३ अंशांत संपावा लागतो, आपला रंगवलेला काळा भाग तेवढा धारदार नाही, आणि स्टर्नलाइट दोन्ही कडांना साधारण १० अंश जास्त दिसतो, त्यामुळे एका जागेवरून तो आणि मास्टहेड दोन्ही एकदम दिसतात. काकांनी तो अजून पास केलेला नाही. मुलगा पातळ पितळी पत्र्याचा खाचेचा पडदा करून बघणार आहे, दिवाळीच्या सुट्टीत.